हात कसा द्यायचा

"परत," दाजी म्हणाले. "दारातनं ये."

मी उंबऱ्याबाहेर गेलो, चपला पायात घातल्या आणि आत येताना पुन्हा काढल्या.

"अरे, चपला काढतोस कशाला? साहेबाच्या केबिनला उंबरा नसतो."

"सवय आहे, दाजी."

"सवय इथंच ठेवून जायची. परत."

मग मी चपलांसकट माजघरात आलो आणि चुलीपासून आई ओरडली. दाजी म्हणाले, "आत्या, जरा दमानं घ्या. हे माजघर न्हाई, सांगलीचं ऑफिस हाय."

"ऑफिस सारवायला कोण येतंय? तुम्ही?"

उत्तमदाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. इचलकरंजीच्या सूतगिरणीत हजेरी घ्यायला होते. आमच्या सगळ्या भावकीत मुलाखत दिलेला माणूस तेवढाच. त्यामुळे पाइपच्या कंपनीचा कॉल आल्यावर आईनं त्यांनाच बोलावून घेतलं. विक्री प्रतिनिधीची जागा होती. मी बी.कॉम. होऊन घरी बसलो होतो. तालुक्यातल्या दोन पतसंस्थांत अर्ज देऊन झाले होते. ही जागा गेली तर पुढे काय, हे घरात कुणी बोलत नव्हतं.

दाजी लोखंडी खुर्चीत ताठ बसले. हात पुढे केला. "हां. आता हात दे."

मी दिला. दाजींनी विंचू चावल्यासारखा मागे घेतला.

"लेका, बैल विकतोयस का मला?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. माझी बोटं आपोआप त्यांच्या बोटांवर सरकली होती. दोन धरली होती, एक सोडलं होतं.

*

स्वतःबद्दल थोडक्यात सांगा.

माझं नाव दिगंबर सोपान मेटकरी. राहणार

परत. "राहणार" कशाला, पोलिसात जबाब देतोयस काय?

मी जनावरांच्या दलालाचा मुलगा. (हे तिथं बोलायचं नाही, असं दाजींनी बजावलं होतं. वडील शेती करतात म्हणायचं.) आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. गिऱ्हाईक पुढे येतं, दलाल खांद्यावरचा टॉवेल काढून आपल्या आणि त्याच्या हातावर टाकतो आणि खाली बोटं बोलतात. भोवती माणसांची भिंत उभी असते, पण आतलं कुणाला कळत नाही. हात झटकला की सौदा मोडला. वरून दुसरा हात पडला की झाला. मग माझे वडील, नाना, बैलाच्या पाठीवर थाप मारायचे आणि टॉवेल पुन्हा खांद्यावर जायचा.

लहानपणी नाना मला बाजारात न्यायचे. हरवू नये म्हणून माझा हात धरायचे आणि गंमत म्हणून त्यावर टॉवेलचं टोक टाकायचे. त्या टॉवेलखाली आमची वेगळी बोली होती. मी त्यांचा अंगठा दाबला की भूक लागली. करंगळी दाबली की पाय दुखले, दमलो. अख्खी मूठ आवळली की घरी जाऊ. करंगळी दाबली की ते काही न बोलता मला खांद्यावर घ्यायचे. समोरच्या व्यापाऱ्याशी चाललेलं बोलणं तसंच चालू राहायचं. त्याला वाटायचं, पोरगं काही न मागता खांद्यावर चढलं.

म्हणून हात देणं ही गोष्ट मला येत नाही, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

*

"बोटं मेलेली ठेव," दाजी म्हणाले. "साहेबाचा हात म्हणजे लाकूड समज. धरायचं, हलवायचं, सोडायचं."

"किती घट्ट?"

"घट्ट पण न्हाई, सैल पण न्हाई."

"म्हणजे किती?"

"तुझ्या अक्काला विचार. आमच्या लग्नात दिला तेवढा."

आतून अक्का म्हणाली, "तेव्हा तुमचा हात घामानं निसटत होता."

आम्ही सगळे हसलो. नाना ओट्यावर बसले होते, ते हसले नाहीत. मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि हात पुढे केला. "नाना, तुम्ही बघा बरं. तुम्हाला हातातलं कळतं. घट्ट होतोय का सैल?"

नानांनी माझ्या हाताकडे बघितलं. उजवा हात टॉवेलखाली होता, तो तिथंच ठेवला.

"माझा हात खेळायला न्हाई."

"खेळ कुठाय, मुलाखतीची तयारी आहे."

"दाजी हाईत की शिकवायला."

"एकदा, नाना."

"न्हाई म्हणलं ना!"

ओट्याखालच्या कोंबड्या उडाल्या. दाजी खुर्चीतून अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. मी माझा हात कुठे ठेवावा हे न कळून तो खिशात घातला.

"खिशात न्हाई," दाजी हळूच म्हणाले. "साहेबापुढं खिशात हात घालायचा न्हाई."

*

ही नोकरी तुम्हाला का हवी आहे?

मला हवी होती का, हे मला नीट आठवत नाही. नानांना हवी होती. हेच माझ्या डोक्यात बसत नव्हतं.

दिवाळीपर्यंत त्यांचं म्हणणं होतं, शिकलास ते बरं झालं, आता धंद्यात ये. नोकरीचा विषय काढला की म्हणायचे, दुसऱ्याच्या गोठ्यात बांधून घ्यायची हौस असंल तर जा. आणि संक्रांतीनंतर तेच नाना म्हणायला लागले, "सांगलीला लाग. खोली घेऊन राहा. हितं येऊ नको सारखा."

"सारखा म्हणजे? घरी येऊ नको?"

"सणाला ये."

आईला विचारलं तर तिनं कपाळाला हात लावला. "मला विचारू नको बाबा. डोकं फिरलंय त्यांचं. ताट वेगळं काढलंय. स्वतःच घासतात. परवा मी तांब्या उचलला तर हिसकावून घेतला."

"भांडलीस का काही?"

"भांडायला बोलायला तर पाहिजे!"

मला वाटलं, रागावलेत. मी धंद्यात येत नाही म्हणून मला घरातून बाहेर काढायला निघालेत. पण रागावलेला माणूस मुलाखतीसाठी नवा शर्ट कशाला आणेल? तो त्यांनीच आणला. बाजारातून आले आणि पिशवी माझ्यापुढे टाकली. टाकली, हातात दिली नाही.

त्याच आठवड्यात बाबासाब मुजावर घरी आले. ते नानांच्या बरोबरीचे व्यापारी. मिरजेकडचे कळपच्या कळप त्यांनी नानांच्या टॉवेलखाली विकले होते. ते ओट्यावर बसले, चहा प्यायले आणि मग म्हणाले, "सोपानराव, गेल्या बाजारात मी काय धरलं आणि तुम्ही काय सांगितलं? गिऱ्हाईक माझ्यावर उखडलं. म्हणालं, तुम्ही दोघं मिळून फसवताय."

"चूक झाली."

"तुमची? तुमच्या हाताची?" बाबासाब हसले. "तीस वर्षांत ऐकलं न्हाई. आणा इकडं, बघू."

त्यांनी टॉवेलकडे हात नेला. नाना उठले आणि गोठ्यात गेले. बाबासाब माझ्याकडे बघत राहिले. "काय झालंय रे ह्यांना?"

"मला काय माहीत, चाचा. मी मुलाखतीची तयारी करतोय."

असं उत्तर मी खरंच दिलं.

*

तुमची ताकद कोणती?

"मेहनत," दाजींनी शिकवलं होतं.

आणि दोष?

"मी कामात फार गुंतून जातो, हा माझा दोष. असं म्हणायचं. म्हणजे दोष पण झाला आणि गुण पण झाला."

"पण हे खरं नाही, दाजी."

"मुलाखतीत खरं सांगायला जातोयस का तू?"

*

मुलाखतीच्या दिवशी नाना धोतर बदलून एस.टी.च्या फाट्यावर हजर होते. बरोबर येतो असं आदल्या दिवशी बोलले नव्हते.

"तुम्ही कुठं?"

"सांगलीला जरा काम हाय."

"कसलं?"

"तू आत गेलास की उरकून येतो."

गाडीत ते माझ्या शेजारी बसले नाहीत. मागच्या बाकावर जागा होती, तिथं बसले. मी खिडकीकडे तोंड करून पुटपुटत होतो: मेहनत, कामात गुंतून जातो, पाच वर्षांनी मी स्वतःला वरच्या पदावर बघतो. मध्येच मागे वळून पाहिलं. नाना आपला उजवा हात मांडीवर पालथा ठेवून त्याच्याकडे बघत होते. दुसऱ्याचं जनावर बघावं तसे.

कंपनीचं ऑफिस पहिल्या मजल्यावर होतं, समोर चहाचा गाडा. अजून वेळ होता. दोन चहा घेतले. ग्लास इतका तापलेला की मी कडेला दोन बोटांत धरून सारखा हात बदलत होतो.

नानांनी ग्लास मुठीत धरला होता. अख्ख्या पंजानं. वर वाफ निघत होती, आणि ते पलीकडच्या रस्त्याकडे बघत होते.

"नाना, भाजतंय."

"काय?"

"हात भाजतोय तुमचा!"

त्यांनी हाताकडे बघितलं. मग चेहरा ओढला, भाजल्यासारखा. पण उशीर झाला होता, आणि तो चेहरा खोटा होता. गिऱ्हाईकापुढे करायचे तसा. मी ग्लास काढून घेतला आणि त्यांचा हात उलटा केला. बोटांच्या आतल्या बाजूला जुना फोड होता, फुटून सुकलेला. त्याच्याखाली आणखी एक. मनगटावर एक फिकट चट्टा, टॉवेलनं रोज झाकला जाईल नेमका असा.

मी त्यांचा अंगठा दाबला. का ते माहीत नाही. लहानपणी दाबायचो तसा. भूक लागली.

हातात काहीच झालं नाही.

"सोड," नाना म्हणाले. हात ओढून घेतला, टॉवेलखाली नेला. "धरू नको म्हणतोय ना महिनाभर! आत्ता वर जाऊन साहेबाला हात देशील. ह्याच हातानं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? भैरूआप्पा आठवतोय का?"

भैरूआप्पा गावाबाहेर पडक्या खोपीत राहायचा. बायका त्याला लांबून वरून पाणी ओतायच्या. मेला तेव्हा त्याच्या मुलांनी खोप पेटवून दिली, आतल्या भांड्यांसकट.

"दाखवलं का कुणाला?"

"कुणाला दाखवू? तालुक्याला गेलो तर बाजारभर होईल. उद्या माझ्या टॉवेलखाली कोण हात घालंल?" ते खाली बघून बोलत होते. "म्हणून म्हणलं तू लाग हितं. तुझं तरी सुटंल."

वरून शिपायानं माझं नाव पुकारलं. मेटकरी. दिगंबर मेटकरी.

"जा," नाना म्हणाले. "शर्ट आत खोच."

*

परत. दारातनं.

मी आत गेलो. उंबरा नव्हता. टेबलामागे दोघे होते. एक वयस्क आणि एक चष्मेवाला, तरुण. वयस्क साहेब उठले, हसले आणि हात पुढे केला.

लाकूड समज. धरायचं, हलवायचं, सोडायचं.

माझा हात उठला नाही. खाली चहाच्या गाड्याशी ज्या बोटांनी मी अंगठा दाबला होता, ती बोटं मला दिसत होती. लागतं का असं? एवढ्यात? माझ्यातून ह्यांना? मला काहीच माहीत नव्हतं. साहेबांचा हात टेबलावर तसाच थांबला होता. मी दोन्ही हात जोडले. कपाळापर्यंत वर नेऊन, देवळात करतात तसा नमस्कार केला.

साहेबांनी हात मागे घेतला. तरुण साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

"बसा. वडील काय करतात?"

"दलाली. जनावरांच्या बाजारात."

"अच्छा. मग विक्री रक्तातच आहे तुमच्या."

रक्तात म्हटल्यावर मी दचकलो. दोघांनाही ते दिसलं.

"तुमच्यातला एक दोष सांगा."

कामात फार गुंतून जातो. पाठ होतं. शब्द तोंडाशी आले होते.

"माझ्या लक्षात उशिरा येतं," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"समोर असतं, पण लक्षात उशिरा येतं, सर."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग पाइपांच्या व्यासाबद्दल काही विचारलं, ठिबकबद्दल विचारलं. मी उत्तरं दिली. ती बरोबर होती की चूक, मला तेव्हाही सांगता आलं नसतं. निघताना मी पुन्हा नमस्कार केला. ह्या वेळी त्यांनी हात पुढे केलाच नव्हता.

*

पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?

त्या कंपनीकडून काही आलं नाही. पाच वर्षांनी मी आमच्याच बाजारात होतो. नाना टॉवेल टाकायचे, आणि खाली त्यांच्याऐवजी माझा हात असायचा. ते माझ्या कानाशी तोंड आणून सांगायचे, मी बोटांनी बोलायचो. गिऱ्हाइकाची बोटं काय म्हणतात ते मी त्यांच्या कानात सांगायचो. लोक म्हणायचे, बाप पोराला धंदा शिकवतोय. दोन जणांची एक दलाली. मला ती वाईट वाटली नाही. चांगली वाटली का, तेही अजून ठरलेलं नाही.

*

पण त्या दिवशी खाली उतरलो तेव्हा गाड्यावर नाना नव्हते. चहावाला म्हणाला, "म्हातारबाबा सरकारी दवाखाना कुठं विचारत होते."

ते फाटकाबाहेर सापडले. आत गेले नव्हते. फाटकाच्या भिंतीला टेकून उभे होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट देत होते.

"कागद काढायला नाव विचारत्यात," ते म्हणाले.

"मग सांगायचं."

"आपल्या भागातला कुणी असंल तर?"

मी आत जाऊन नाव सांगितलं आणि कागद काढला. कातडीच्या विभागाबाहेर बाकावर बसलो, दोघांत एका माणसाची जागा सोडून. ती जागा नानांनी सोडली होती.

डॉक्टरबाई तरुण होत्या. माझ्याहून थोड्याच मोठ्या असतील. त्यांनी विचारलं, काय होतंय. नाना म्हणाले, काही नाही. मी म्हणालो, हाताला कळत नाही. त्यांनी मान हलवली आणि सरळ हात पुढे केला. "द्या."

नाना टॉवेल घेऊन हात पुसायला लागले. बाईंनी टॉवेल बाजूला केला आणि त्यांचा हात आपल्या हातात घेतला. उघड्या हातात. कोपर चाचपून बघितलं, चट्टा बघितला, फोड बघितले. नाना त्यांच्या हाताकडे बघत होते, आणि मी नानांकडे.

"डोळे मिटा, काका. मी पेनाच्या टोकानं हात लावीन. लागलं की 'लागलं' म्हणायचं."

नानांनी डोळे मिटले. पाठ ताठ केली. बाजारात समोर नवखं गिऱ्हाईक आलं की बसायचे तसे बसले.

बाईंनी करंगळीला टोक लावलं. नाना गप्प.

तळव्याला लावलं. नाना गप्पच. मग घाईनं, "लागलं."

बाईंनी अंगठ्याच्या मुळाशी जोरात दाबलं. काही नाही. त्यांनी पेन उचलून हवेत धरलं आणि थांबल्या.

"लागलं," नाना म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे बघितलं.

"लागलं," नाना पुन्हा म्हणाले. आणि थोड्या वेळानं, खात्रीच्या आवाजात, "हे बी लागलं."

"काका, मी हात लावलेलाच नाही."

नानांचे डोळे मिटलेलेच राहिले. चेहऱ्यावरचं गिऱ्हाइकापुढचं हसूही तसंच होतं. महिनोन्महिने बाजारात त्यांनी हेच केलं होतं. माणसांची भिंत भोवती, टॉवेल वर, आणि खाली काहीच ऐकू येत नसताना ते अंदाजानं भाव सांगत होते.

"उघडा डोळे," बाई म्हणाल्या. त्यांनी हात सोडला नव्हता. "हा कुष्ठरोग आहे. गोळ्यांनी बरा होतो. एकही दिवस चुकवायचा नाही. बधिरपणा किती जाईल ते आत्ता सांगत नाही. लवकर आला असतात तर बरं झालं असतं."

"घरात बायको हाय. पोरगा हाय."

"त्यांनाही तपासू. पण ताट वेगळं केलंय का?"



"केलंय," मी म्हणालो.

"आजपासून एकत्र जेवा. हात धरल्यानं होत नाही हे. मी धरलाय ना केव्हाचा?"

नानांनी आपल्या हाताकडे बघितलं. बाईंच्या हातात तो होता. हे त्यांना बघूनच कळत होतं.

*

तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय?

शेवटी हा प्रश्न येतो, दाजी म्हणाले होते. "न्हाई सर, धन्यवाद" म्हणायचं.

एस.टी. स्टँडकडे चालत होतो. ऊन होतं. नवा शर्ट पाठीला चिकटला होता. माझ्या डोक्यात इतके प्रश्न होते की त्यातला एकही धड बाहेर येईना. नानांनीच विचारलं.

"साहेबाला हात दिलास?"

"दिला."

"घट्ट?"

"घट्ट पण नाही, सैल पण नाही."

"चांगलं केलंस."

मी त्यांच्या उजव्या बाजूला गेलो. त्यांचा हात धरला. त्यांनी ओढला, मी सोडला नाही. खांद्यावरच्या टॉवेलचं टोक खाली ओढून आमच्या हातांवर टाकलं आणि त्यांचा अंगठा दाबला.

नाना चालत राहिले. आणखी एकदा दाबला. मग त्यांना टॉवेल हललेला दिसला.

"काय म्हणतोस? मला कळत न्हाई रे. तोंडानं सांग."

"भूक लागली."

"मग मघापासनं गप्प का?"

"मघापासनंच सांगतोय."

ते थांबले. रस्त्याच्या कडेला, मागून सायकलवाला घंटी वाजवत होता. त्यांनी डाव्या हातानं टॉवेलची कड जरा उचलली, वाकून आत बघितलं, माझी बोटं एक एक करून शोधली आणि माझी करंगळी दाबली.